म्हशीचं डॉक्टरला सांगायचं राहिलं

गेल्या पावसाळ्यात आमच्या म्हशीनं सातव्या महिन्यात गाभ टाकला. वार अडकली होती. रात्रीची वेळ, म्हणून उघड्या हातानं मीच ओढून काढली. बोटाला विळ्याचा काप होता.

तीन आठवड्यांनी ताप सुरू झाला. दुपारनंतर चढायचा, पहाटे घामानं अंथरूण भिजायचं. टायफॉईडचं औषध झालं, टीबीचा संशय झाला. कंबरदुखी भांगलणीची समजलो. पुढं डोकं ठणकायला लागलं, चालताना झोक जायला लागला आणि डाव्या कानानं ऐकू येईना.

शेवटी कोल्हापुरातल्या एका डॉक्टर बाईंनी विचारलं, "घरात जनावरं आहेत? एखादं गाभडलं का? कच्चं दूध पिता?" गंगावेशीत म्हशीजवळ उभं राहून धारोष्ण दुधाचा पेला रिचवणारे आम्ही! तिन्हीला हो म्हणालो. माणसाच्या डॉक्टरला म्हशीचं काय सांगायचं, असंच तोवर वाटत होतं.

रक्तात ब्रुसेलोसिस निघाला, म्हणजे गाभडलेल्या जनावरातून नाहीतर कच्च्या दुधातून माणसाला लागणारा जंतूंचा आजार. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, रक्त पाठवताना बाईंनी लॅबला आधी फोन केला. हा जंतू सावकाश वाढतो आणि तिथं काम करणाऱ्यांनाही लागतो. पाठीतून पाणी काढलं, त्यात प्रथिनं आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या. म्हणजे जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला होता.

मग टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. कान गेलाय, तर हृदय कशाला तपासायचं? बाई म्हणाल्या, "हृदयाच्या झडपेवर हा क्वचित बसतो, पण या आजारात माणूस दगावतो तो बहुतेक त्यामुळंच. मग पुष्कळदा झडपेचं ऑपरेशनही करावं लागतं." रिपोर्ट येईपर्यंतचा तो तास मी विसरणार नाही. झडपा स्वच्छ निघाल्या. घरच्यांनी अंबाबाईची ओटी भरली.

साध्या ब्रुसेलोसिसला सहा आठवडे औषध चालतं, मला पाच महिने लागले. सुरुवातीला शिरेतून सेफ्ट्रियाक्झोन, जोडीला डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन. रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते, हे आधी सांगितलं होतं तरी पहिल्या दिवशी हादरलो. डॉक्सिसायक्लिन दुधाबरोबर घ्यायची नाही, अंगी लागत नाही. ताप आठवड्यात उतरला, तेव्हाच गोळ्या सोडायचा मोह झाला. अर्ध्यावर सोडल्या की हा आजार उलटतो, म्हणून बायकोनं रोज समोर बसून गिळायला लावल्या.

डावा कान अर्धाच परत आलाय. रेडीला पाचव्या महिन्यात लस टोचली. ती मादी वासरांनाच, चार ते आठ महिन्यांच्या वयात देतात. परवा शेजारच्या गोठ्यात गाय गाभडल्याचं कळलं, तसा हातमोजे घेऊन पळत गेलो. वार आणि मेलेलं वासरू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं, आणि पोरांना गोठ्याबाहेर काढलं.