एलिनॉर राणीचे राहून गेलेले बोलणे

'ब्रेव्ह' या चित्रपटात एक प्रसंग आहे आणि केवळ त्या प्रसंगासाठी मी तो आजवर तीनदा पाहिला. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील एका जुन्या गढीत राणी एलिनॉर भरतकाम करीत बसली आहे आणि लेक मेरिडा, तिचे लग्न ठरवायला निघालेल्या आपले काहीच ऐकून घेत नाही म्हणून कष्टी आहे. राजा फर्गस तिला सुचवतो की, मीच मेरिडा आहे असे समज आणि तुला जे म्हणायचे आहे ते मला म्हणून दाखव. त्याच वेळी तबेल्यात काम करता करता मेरिडा आपल्या घोड्यापुढे मन मोकळे करते आहे. दिग्दर्शकांनी ही दोन्ही बोलणी अशी गुंफली आहेत की, दालनात उठलेल्या प्रश्नाला तबेल्यातून उत्तर मिळते आणि तबेल्यातल्या तक्रारीची समजूत दालनात काढली जाते. प्रेक्षकाला एक पुरता, समजूतदार संवाद ऐकू येतो. ज्या दोघींनी तो ऐकायला हवा त्यांच्यापर्यंत मात्र त्यातला एक शब्दही पोहोचत नाही.

ही बोलणी समोरासमोर कशी होतात ते आता हा चित्रपट दाखवील, असे मला पहिल्यांदा पाहताना वाटले होते. तसे घडत नाही आणि माझी निराशा नेमकी तिथे आहे.

अपेक्षा मोठी असण्याला कारणही होते. २०१२ साली आलेला हा पिक्सार या अॅनिमेशन कंपनीचा तेरावा चित्रपट आणि मुलगी मध्यवर्ती असलेला त्यांचा पहिलाच. कथेची कल्पना ब्रेंडा चॅपमन यांची. आपल्या स्वतःच्या लेकीशी असलेल्या नात्यातून त्यांना ती सुचली होती. 'द प्रिन्स ऑफ इजिप्त'च्या तीन दिग्दर्शकांपैकी त्या एक होत्या. मात्र निर्मिती निम्म्यावर असताना, २०१० साली, त्यांना दिग्दर्शनावरून दूर करण्यात आले आणि चित्रपट मार्क अँड्र्यूज यांनी पूर्ण केला. पुढे या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले तेव्हा ते दोघांच्याही नावावर होते. कोणता प्रसंग कोणाचा, हे पडद्यावरून ठरवता येत नाही आणि मी तसा तर्कही करणार नाही. पण कथेचा एक धागा मध्येच सुटल्यासारखा वाटतो, एवढे मात्र पाहणाऱ्याला जाणवते.

तो धागा एलिनॉरच्या एका वाक्यात आहे. त्या दालनातल्या प्रसंगातच ती लेकीला उद्देशून म्हणते की, माझे लग्न ठरले तेव्हा माझ्याही मनात शंका होत्या. केवढे मोठे दार उघडते या एका वाक्याने! ही शिस्तीची, तोलूनमापून बोलणारी, जेवणाच्या टेबलावर धनुष्य ठेवू न देणारी बाई कधीतरी मेरिडाच्याच जागी उभी होती. तिचे लग्न कोणी ठरवले, तिने विरोध केला होता का, केला नसेल तर का नाही, हे सगळे त्या वाक्यामागे आहे. मागच्या महिन्यात माझ्या चौदा वर्षांच्या मुलीबरोबर पुन्हा चित्रपट पाहिला. तो संपल्यावर तिने पहिला प्रश्न हाच विचारला, "आई, त्या राणीला लग्नाच्या वेळी काय वाटलं होतं ते पुढे आलंच नाही ना?" ते खरोखरच पुढे येत नाही. मेरिडाच्या कानावर ते वाक्य कधीच पडत नाही.

त्याऐवजी, आईचे मन पालटावे म्हणून मेरिडाने मिळवलेला चेटकिणीचा केक येतो, तो खाऊन राणीचे अस्वल होते आणि अस्वलाला बोलता येत नाही. सदैव उपदेश करणाऱ्या आईची वाचाच काढून घ्यावी आणि लेकीला तिच्याकडे नुसते पाहायला लावावे, ही कल्पना उत्तम आहे. ओढ्याकाठचे प्रसंग तर फारच सुंदर आहेत. राणी अस्वलाच्या देहातही मुकुट घालून बसते, काटक्यांचे काटे-चमचे मांडून ऐटीत बोरांसारखी रानफळे खाऊ लागते आणि ती विषारी आहेत हे मेरिडा सांगते तेव्हा थुंकून टाकते. मग जे धनुष्य राणीने भांडणात संतापून आगीत फेकले होते तसल्याच धनुष्याने लेक मासा मारते आणि आईचे पोट भरते. जरा वेळाने दोघी पाण्यात उतरून मासे पकडतात तेव्हा इतक्या वर्षांत प्रथमच त्या एकत्र खेळत असाव्यात असे वाटते. मध्येच राणीचे डोळे काळेभोर होतात, ती लेकीला ओळखत नाही आणि अंगावर सरकन काटा येतो.

परंतु इथून पुढे चित्रपटाला घाई होते. मॉर्डू नावाच्या रानटी अस्वलाची दंतकथा, त्याने पूर्वी पाय तोडल्यामुळे सुडाला पेटलेला राजा, तीन टोळ्यांच्या सरदारांची हाणामारी आणि शिकारीचा पाठलाग यांतच उरलेला वेळ निघून जातो. लग्नाचा मूळ प्रश्न दरबारातल्या एका भाषणात मिटतो. त्या भाषणात मेरिडा अडखळते तेव्हा गर्दीच्या मागे उभी असलेली अस्वलरूपी आई हातवारे करून तिला पुढचे शब्द सुचवते आणि मुलांना आपला जोडीदार निवडू द्यावा, हे आईच लेकीच्या तोंडून वदवते. एलिनॉरचे मन पालटले ते इथे. पण का पालटले? मासे पकडण्यापासून या निर्णयापर्यंतचे अंतर फार मोठे आहे आणि ते कापताना राणीच्या मनात काय चालले होते हे हातवाऱ्यांतून कळणे शक्य नाही.

केसांच्या बाबतीत मात्र हाच चित्रपट किती बारकाईने बोलतो! मेरिडाच्या लाल कुरळ्या केसांसाठी पिक्सारने नवी संगणकप्रणाली घडवली आणि १,५००हून अधिक बटा स्वतंत्रपणे रचल्या. हे सारे काम निव्वळ दिखाव्याचे नाही. सरदारांचे मुलगे मेरिडाच्या हातासाठी ज्या स्वयंवरासारख्या स्पर्धेत उतरतात तिच्या दिवशी एलिनॉर लेकीला तंग पोशाखात कोंबते आणि केसांवर घट्ट शिरोवस्त्र बसवते. मेरिडा एक बट मुद्दाम बाहेर ओढते, आई ती पुन्हा आत खोचते. शाळेत जाण्यापूर्वी तेल चोपडून, डोळे ताणले जातील इतक्या घट्ट वेण्या घालून घेतलेल्या माझ्यासारख्या कोणाही बाईला त्या एका बटेत काय आहे ते सांगावे लागणार नाही. आईच्या हातातला तो जोर प्रेमाचाही असतो आणि धाकाचाही, आणि तो हात तिच्या आईकडून तिच्याकडे आलेला असतो. पुढे मेरिडा स्वतःच्या हातासाठी स्वतःच स्पर्धेत उतरते तेव्हा धनुष्य ताणण्यासाठी तिला त्या पोशाखाची शिवण फाडावी लागते. जी मंडळी एका बटेतून एवढे सांगू शकतात, त्यांना एलिनॉरच्या पूर्वायुष्यासाठी पाच मिनिटे काढणे अशक्य नव्हते.

शेवटी दुसऱ्या दिवसाचा सूर्य उगवताना, आईने भरलेला, भांडणात स्वतः फाडलेला आणि आता घाईघाईने शिवलेला पडदा मेरिडा जादू उतरावी म्हणून अस्वलाच्या अंगावर घालते आणि रडत रडत चूक कबूल करते. ते रडणे खरे आहे, माझेही डोळे भरून येतात. पण क्षमा मागण्याचे, समजून घेण्याचे सगळे बोलणे एकट्या लेकीच्या वाट्याला येते. राणी माणसात येते, तेव्हा मेरिडा आनंदाने म्हणते की तू बदललीस, आणि एलिनॉर उत्तर देते की आपण दोघीही बदललो. यानंतर त्या दोघी शेजारी बसून बोलतील, लग्न ठरलेल्या त्या जुन्या दिवसाविषयी लेक काही विचारील, अशी मी तिसऱ्या खेपेलाही वाट पाहिली. पडद्यावर मात्र सरदारांची गलबते किनाऱ्यावरून निघाली आणि केस मोकळे सोडलेली एलिनॉर लेकीबरोबर घोड्यावरून रपेटीला गेली.