आत्याने केस टाकली तेव्हा

आमची सहा एकर जमीन, सातारा जिल्ह्यात. 2011 साली आत्याने वाटपाचा दावा टाकला तेव्हा मी कॉलेजला होते आणि घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं की आत्याला हाव सुटलीये. मीपण तेच मानलं. दहा वर्षं तिच्याशी बोलले नाही, तिच्या नातीच्या बारशाला गेले नाही, याचं आज खूप वाईट वाटतं म्हणून लिहितेय.

आजोबा 1996 ला गेले. वारस नोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव लागलं आणि नावापुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आत्याचं नाव इतर हक्कात, म्हणजे मालकाच्या रकान्यात नाही. गावात असंच करायचे, कुणाला त्यात काही गैर वाटायचं नाही. नंतर अण्णा आणि काकांनी आपसात तोंडी वाटप करून घेतलं, वरचं तुझं खालचं माझं, विहिरीची पाळी दोन-दोन दिवस. कागद काही नाही.

मग 2010 ला रस्त्याकडचा थोडा तुकडा विकायचं ठरलं आणि घेणाऱ्याच्या वकिलाने आत्याची सही मागितली. अण्णा भाऊबीजेला गेले ते हक्कसोड पत्राचा कागद घेऊनच गेले. आत्या ओवाळून झाल्यावर म्हणाली, कागद ठेव, वाचते. अण्णांना ते इतकं लागलं की जेवले नाहीत, तसेच उठून आले. "आक्का, सही केली नाहीस तर माहेर तुटलं समज" हे ते तिला म्हणाले होते, आणि हे मला आईने अण्णा गेल्यावर सांगितलं.

अण्णा 2021 ला गेले, केस चालू असतानाच. मग वारस म्हणून माझं आणि दादाचं नाव दाव्यात लागलं आणि मी पहिल्यांदा ती फाईल घेऊन बसले. आमच्या बाजूचं म्हणणं काय तर वाटप आधीच झालंय, आता मुलीला कसला हिस्सा. पण हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिलाय, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात असायलाच पाहिजेत असं काही नाही. दुरुस्तीतच दिलेल्या 20 डिसेंबर 2004 या तारखेच्या आधीचं वाटप चालतं, पण ते रजिस्टर झालेलं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं पाहिजे, नुसतं तोंडी वाटप सहसा धरत नाहीत, त्याला सरकारी कागदाचा पक्का आधार लागतो. आणि आमच्या सातबाऱ्यावर तर तेव्हापासून ए.कु.मॅ. लिहिलेलं, म्हणजे कुटुंब एकत्र आहे हे आम्हीच पंधरा वर्षं सांगत होतो!

प्राथमिक हुकूमनामा 2022 ला झाला, तिघांना सारखा हिस्सा, म्हणजे आत्याला दोन एकर. लोकांना वाटतं निकाल लागला की संपलं. नाही. शेतजमीन असली की प्रत्यक्ष वाटणी करायला प्रकरण कलेक्टरकडे जातं, मग मोजणी, आणि खरी भांडणं तिथं सुरू होतात, कारण आमची वरची जमीन खडकाळ आहे, खालची काळी आहे आणि विहीर एकच.

मध्ये दादाने मला विचारलं की अण्णांच्या हिश्श्यातलं तू सोडशील ना. दादा वाईट नाही, शेत तोच कसतो. पण मी त्याला म्हटलं हक्कसोड एकदा रजिस्टर झालं की झालं, माझ्या पोरीला काय सांगू, त्यापेक्षा अण्णांचा हिस्सा वेगळा झाला की आपण जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटप करू, माझा भाग तूच कस, पीक तुझं. चार दिवस बोलला नाही. मग स्वतःच वकिलांना फोन करून कागद काय लागतात विचारले.

मोजणीच्या दिवशी आत्या आली होती, गुडघे दुखतात तरी बांधाबांधाने चालत. मोजणीवाल्याने विचारलं कुठली बाजू पाहिजे, तर म्हणाली वरची चालेल, विहिरीत पाळी तेवढी लिहून द्या. काका मान खाली घालून उभे होते. मी तिला पाण्याची बाटली दिली तेव्हा तिने विचारलं, पोरगी कितवीला गेली गं तुझी?