मुगुमूच्या वाटा नकाशावर आणताना

टांझानियाच्या उत्तरेकडच्या मारा प्रांतात अजूनही काही घरांत मुलींची सुंता केली जाते. १९९८च्या कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलींच्या बाबतीत हा गुन्हा आहे. तरीही सुंता झालेल्या मुलीच्या लग्नात जास्त गाई मिळतात म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत मुलींवर जबरदस्ती होते. पळून आलेल्या मुलींसाठी याच प्रांतातल्या मुगुमूला रोबी सॅम्वेली आश्रयगृह चालवतात. रात्री मदतीसाठी फोन आला, तर त्या गावापर्यंत जायचं कसं? ऑनलाइन नकाशांवर तिथली कित्येक गावं नव्हतीच.

हे वाचलं आणि पुण्यात बसून मला जमेल तेवढं करायचं ठरवलं. २०१५ पासून 'क्राउडटूमॅप टांझानिया'चे स्वयंसेवक ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकेल अशा खुल्या ऑनलाइन नकाशावर, हा भाग रेखाटत आहेत. खातं उघडायला काहीच वेळ लागत नाही. मग 'टास्किंग मॅनेजर' या काम वाटून देणाऱ्या वेबसाइटवर प्रकल्प निवडायचा. सगळा भाग चौकोनांत वाटलेला असतो. आपण घेतलेला चौकोन आपण काम करत असताना दुसऱ्या कुणाला मिळत नाही, त्यामुळे एकच घर दोघांनी काढायची वेळ येत नाही.

उपग्रहचित्रावर छपराच्या कडेने बिंदू टाकत गेलं की घर तयार होतं. गोल झोपडी असेल तर कीबोर्डवरचं 'ओ' दाबायचं, पत्र्याचं चौकोनी घर असेल तर 'क्यू', म्हणजे कोपरे काटकोनात येतात. खरी कसोटी ओळखण्यात आहे. गुरांचे काटेरी कुंपणाचे वाडेही वरून गोलच दिसतात. मी सावली बघायला शिकले: छपराची सावली एका बाजूला ठळक पडते, कुंपणाची जेमतेम. पायवाट आणि कोरडा ओढा यांत तर फार वेळ जातो. वाट घरांपाशी येऊन थांबते, ओढा झाडांच्या रांगेतून उताराला लागतो. इथे मी कधीच घाई करत नाही. नसलेली वाट नकाशावर आली, तर अंधारात कुणीतरी खरोखरच तिच्यावरून गाडी घालणार आहे. चौकोन संपवला की दुसरा अनुभवी स्वयंसेवक तो तपासतो.

पण आकाशातून गावाचं नाव दिसत नाही. कुठली इमारत शाळा, कुठला दवाखाना, हे तिथल्याच माणसांना ठाऊक. स्थानिक स्वयंसेवक मोबाइलवरून ती नावं भरतात, आणि माझ्या मते नकाशाचा जीव त्यांच्या कामात आहे. हा डेटा खुला असल्याने कुणीही तो फुकट उतरवून घेऊ शकतं आणि रेंज नसलेल्या रानातही फोनवर वापरू शकतं. विकत घ्यायच्या नकाशाने मुगुमूच्या आश्रयगृहाला काय उपयोग झाला असता?

तुम्हालाही करायचं असेल तर लॅपटॉपला माउस जोडा, आणि नवख्यांसाठी राखलेल्या प्रकल्पातला घरं थोडी असलेला चौकोन आधी घ्या.