पोलोचं सस्पेन्शन: ते 'धाड्' कुठून येत होतं ते सापडलं

सापडलं! पुढच्या चाकांतून येणारं जे 'धाड्' मागच्या अपडेटमध्ये सगळी जागा खाऊन बसलं होतं, ते टॉप माउंटचं नव्हतं, लिंक रॉडचं नव्हतं आणि लोअर आर्मच्या बुशचंही नव्हतं. पुढचा शॉकर बंप स्टॉपला (प्रवास संपताना धक्का झेलणारा मऊ ठोकळा) जवळजवळ टेकूनच चालत होता. उपाय जो निघाला तो ऐकून निम्मी मंडळी वाद घालायला येतील: प्रीलोड (शॉकर पूर्ण उघडा असतानाच स्प्रिंगला दिलेला दाब) वाढवला आणि गाडी मऊ झाली.

गाडी तीच, चाकणला बनलेली पोलो जीटी, रोज ऑफिसला आणि महिन्यातून एकदा कोकणात जाणारी. उंची बदलता येणारं शॉकर-स्प्रिंगचं किटही तेच: मोनोट्यूब (एकाच नळीचा शॉकर), डॅम्पिंग म्हणजे शॉकरची रोखण्याची ताकद बदलायला एकच नॉब, उंची खालच्या ब्रॅकेटने बदलते, पुढे ५ किलोची स्प्रिंग (१ मिमी दबायला ५ किलो लागणारी).

लक्षण आठवा. रस्ता नीट असेल तर गाडी सुंदर चालायची. पण आधी रंबलरच्या पट्ट्या आणि लगेच पुढे स्पीडब्रेकर आला की धाड्. नॉब पूर्ण मऊ केला तरी धाड्, कडक केला तर थरथर आणि शिवाय धाड्. म्हणजे डॅम्पिंग कितीही बदललं तरी हे जागचं हलत नव्हतं. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) नियमातला गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरला ओलांडता यावा असा. सोसायट्यांच्या दारात जे घातलेले असतात त्यांची रुंदी त्याच्या पावपटही नसते. तिथे चाकाला एका झटक्यात वर जावं लागतं, आणि वर जायला जागाच नसेल तर काय होणार?

जागा किती आहे हे कळायला एक केबल टाय पुरला. डस्ट बूट वर सरकवला, शॉकरच्या रॉडला केबल टाय घट्ट बांधला, खाली बॉडीला टेकवला आणि रोजच्या रस्त्यावर फेरी मारली. परत येऊन बघते तर टाय थेट बंप स्टॉपमध्ये रुतलेला, दोन्ही बाजूंना. मग गाडी सपाट जमिनीवर उभी करून मोजलं: बंप स्टॉप आणि शॉकरची बॉडी यांच्यात जेमतेम १६ मिमी. पुढे आणखी एक माणूस बसलं की त्यातलेही चार-पाच गेले.

आता हिशेब, कारण सगळी गंमत त्यातच आहे. वजनकाट्यावर पुढची चाकं घातली तेव्हा माझ्यासकट ७२० किलो भरले. चाक, ब्रेक, हब वगैरे वजा केलं तर एका स्प्रिंगवर साधारण ३२० किलो. ५ किलोची स्प्रिंग त्या वजनाखाली ६४ मिमी दबते. किटमधून आला तो प्रीलोड ५ मिमी, म्हणजे रॉड ५९ मिमी आत. शॉकरचा पूर्ण स्ट्रोक (रॉडचा एकूण प्रवास) ११५. उरले ५६, त्यात ४० मिमीचा बंप स्टॉप. राहिले १६. केबल टायने दाखवलं तेच कागदावरही आलं तेव्हा फार बरं वाटलं.

मागच्या वेळी बऱ्याच जणांनी सुचवलं होतं की ४ किलोची स्प्रिंग टाक, मऊ होईल. तेही याच हिशेबात घालून बघा. ४ किलोची स्प्रिंग ८० मिमी दबेल, रॉड आणखी १६ मिमी आत जाईल आणि गाडी उभ्या उभ्याच बंप स्टॉपवर बसेल. मऊ स्प्रिंग घालून गाडी जास्त आदळली असती.

उलट प्रीलोड वाढवला तर? एकसारख्या रेटच्या स्प्रिंगला प्रीलोड दिल्याने ती कडक होत नाही. ५ किलोची स्प्रिंग ५ किलोचीच राहते, गाडीचं वजन प्रीलोडपेक्षा जास्त असेपर्यंत. बदलतं ते एवढंच की रॉड कुठे उभा राहतो. मी प्रीलोड ५ वरून २० वर नेला आणि खालचं ब्रॅकेट तेवढंच १५ मिमी आत फिरवलं. फेंडरची उंची तीच राहिली. बंप स्टॉपपर्यंतची मोकळी जागा मात्र १६ वरून ३१ झाली, आणि खाली जायला अजून ४४ मिमी शिल्लक आहेत. हे फक्त बॉडीची लांबी वेगळी बदलता येणाऱ्या किटला जमतं. ज्यात एकच कॉलर (स्प्रिंगखालची फिरती रिंग) उंचीही बदलते आणि प्रीलोडही, त्यात ही सोय नाही.

करणार असाल तर दोन गोष्टी आधी तपासा. ब्रॅकेटमध्ये आटे पुरेसे बसलेत का, आणि स्प्रिंग काढून चाक जॅकने पूर्ण वर नेल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर वरच्या प्लॅस्टिक लायनरला घासतो का. आता चाक आधीपेक्षा १५ मिमी जास्त वर जाऊ शकतं, ती जागा खरोखर असायला हवी. माझ्या १६ इंची चाकांना ती आहे.

पहिलीच फेरी आईला घेऊन. तिची कंबर हेच माझं सगळ्यात विश्वासाचं मोजमाप. आमच्या गल्लीच्या तोंडावरचा तो कुप्रसिद्ध स्पीडब्रेकर गेला आणि मागून आवाज आला, "जुने शॉकर परत बसवलेस का गं?" यापेक्षा मोठी पावती मला नको.

धाड् गेल्यावर रंबलरचा त्रास वेगळा ऐकू यायला लागला. पट्ट्या संपेपर्यंत नाक खाली खाली बसत जायचं. आमच्या एका नॉबने दोन्ही दिशांचं डॅम्पिंग बदलतं, पण जास्त फरक रिबाउंडमध्ये, म्हणजे दबलेला शॉकर परत उघडताना, पडतो. रिबाउंड कडक असलं की एका पट्टीवर दबलेला शॉकर पुढची पट्टी येईपर्यंत पूर्ण उघडत नाही, प्रत्येक पट्टीला थोडा थोडा आत राहतो, आणि स्पीडब्रेकरला पोचेपर्यंत प्रवास संपलेला असतो. पुढचे नॉब चार क्लिक (टप्पे) मऊ केले आणि नाक बसणं थांबलं. आणखी दोन मऊ केले तर उड्डाणपुलाच्या जोडावर गाडी दोनदा डोलते, म्हणून तिथेच थांबले.

एक्स्प्रेस वेच्या काँक्रीटवरही हाच क्लिक बरा निघाला, आणि त्याचं कारण मला फार आवडलं. काँक्रीटच्या रस्त्यांवर जोड साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ८० ते १०० किलोमीटरला ते सेकंदाला पाच-सहा वेळा खालून ठोकतात. माणसाचं शरीर उभ्या हादऱ्याला सगळ्यात हळवं असतं ते नेमकं ४ ते ८ हर्ट्झच्या दरम्यान. गाडीची स्वतःची लय (दाबून सोडल्यावर सेकंदाला किती वेळा डोलते ती) २ हर्ट्झच्या आसपास, आणि त्या लयीच्या दीडपटीपुढे डॅम्पिंग जितकं जास्त तितका हादरा जास्त वर येतो. तळेगाव ते लोणावळा पाठ का दुखायची ते आता कळलं. ताम्हिणीला जाताना दोन क्लिक कडक करायचे, परतल्यावर मागे घ्यायचे, असं ठरवलंय.

लय मोजायला सोपं सूत्र हवं असेल तर हे घ्या: स्प्रिंग वजनाखाली जितके मिमी दबते त्याच्या वर्गमुळाने १५.८ ला भागा. ६४ मिमीला जवळपास २ हर्ट्झ. आरामाची गाडी १ ते १.५ मध्ये असते, त्यामुळे आमचं पुढचं टोक अजून जास्तच चपळ आहे. मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम) आणि स्प्रिंग शॉकरपासून वेगळी, तिथे सूत्र सरळ लागत नाही. म्हणून फोन डिकीत चिकटवला, नॉब पूर्ण मऊ केले, गाडी दाबून सोडली आणि फोनच्या सेन्सरने हालचाल मोजणाऱ्या फायफॉक्स ॲपवर आलेख काढला. मागे पावणेदोन हर्ट्झ.

म्हणजे पुढचं जलद, मागचं संथ. हे उलटं हवं. इंजिनिअर मॉरिस ओली १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये हेच मांडत होते: उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागची उशिरा हलायला लागतात, म्हणून मागची लय थोडी जलद असली की ती पुढच्याला गाठते आणि गाडी सपाट राहते. आमच्या गाडीचं मान हलवणं जे अजून उरलंय, ते यामुळेच.

म्हणून ४ किलोची स्प्रिंग अखेर येणारच, पण आता पूर्ण हिशेबासकट. २०० मिमी लांबीची मागवायचं ठरवून हे लिहायला बसले होते. लिहिता लिहिता आकडे मांडले तर ते जमत नाही. रॉड आत्ताच्याच जागी ठेवायचा तर ३६ मिमी प्रीलोड लागेल. त्यावर चाकाचा सुमारे १०० मिमी प्रवास, म्हणजे स्प्रिंग १३६ मिमी दबली पाहिजे. आत्ताची २०० ची स्प्रिंग १२५ मिमी दबली की वेटोळ्याला वेटोळं टेकवते. तेव्हा २३० मिमीची घ्यायची. कॉलर १४ मिमी खाली उतरेल, तिथे टायर आणि कॉलरमध्ये जागा किती उरते ते रविवारी बघणार. जागा असेल तर पुढची लय १.७७, मागच्याच्या जवळपास.

नवीन किट घेणाऱ्यांनी विचारलंय, तर माझं मत. क्लिक किती आहेत हा शेवटचा प्रश्न. आधी विक्रेत्याला विचारा: स्ट्रोक किती, बंप स्टॉप किती लांब, स्प्रिंगचा रेट काय, लांबी आणि प्रीलोड वेगळे बदलतात का. यातलं एकही उत्तर न देता फक्त 'किती खाली बसेल' सांगणाऱ्याकडून घेऊ नका. आपली पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा उंच बसते, त्यामुळे तिकडच्या किटवरचा 'तीन सेंटिमीटर खाली' इकडे जास्त होतो. बिल्स्टीन बी१४ किंवा केडब्ल्यू व्हेरिएंट १ या किटना नॉबच नाही, आणि रोजच्या गाडीला ते चालतं, व्हॉल्व्हिंग (डॅम्पिंग ठरवणारी आतली रचना) कारखान्यातच नीट बसवलेलं असेल तर. खर्च परवडला तर व्हेरिएंट ३, कारण त्यात कॉम्प्रेशन (दबतानाचं डॅम्पिंग) आणि रिबाउंड वेगळे फिरतात, आणि आपल्या रस्त्यांना हवं ते नेमकं हेच. केडब्ल्यूची स्टेनलेस बॉडी कोकणच्या दमट हवेत कामाला येते. बाकीच्यांनी पावसाळ्याआधी आटे ब्रशने साफ करून कोरडं वंगण मारा, नाहीतर ऑक्टोबरमध्ये कॉलर हलत नाही. आणि जुने शॉकर-स्प्रिंग फेकू नका, विमा कंपनीलाही बदल कळवून ठेवा.

६२ मिमी आतला व्यास, २३० मिमी लांबी, ४ किलो: ही स्प्रिंग पुण्यात सुटी, जोडीने कोण ठेवतं? रेट मोजून देणारा हवा, छापील आकड्यावर विकणारा नको. माहीत असेल तर रविवारच्या आत सांगा, त्या दिवशी टायरजवळची जागा मोजून फोटो टाकते.