टोकन नव्हे, किल्ली भरा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात नदीकाठच्या उपसा पंपांचे नियंत्रक तयार होतात. नियंत्रकाला पहिल्यांदा वीज मिळाली की त्याला मायक्रोसॉफ्टच्या ॲझुर या क्लाउडच्या नोंदणी सेवेकडे टोकन, म्हणजे ठरावीक मुदतीचा डिजिटल परवाना, दाखवून आपली ओळख पटवावी लागते. पहिल्या खेपेला मी सगळ्या नगांची टोकन एकाच स्क्रिप्टने काढली, तीस दिवसांची मुदत घातली आणि नगांत भरून मोकळा झालो. पुढे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, शेतकऱ्यांनी मोटारी वर काढून ठेवल्या, आणि पाणी ओसरून त्या पुन्हा बसेपर्यंत टोकनची मुदत संपून गेली होती. प्रत्येक नगाला सेवेचे उत्तर एकच : ४०१, म्हणजे ओळख पटली नाही.

मुदत वर्षभराची करणे हा सोपा, पण माझ्या मते आळशी उपाय. तेवढे दिवस चालणारे टोकन कोणाच्या हाती लागले तर ते वर्षभर त्याच्याही कामाचे. त्याऐवजी गट नोंदणीत, म्हणजे अनेक नगांच्या एकत्रित नोंदणीत, सेवा एक मूळ किल्ली, म्हणजे गुप्त संकेत, देते. ती वापरून प्रत्येक नगाच्या नोंदणी क्रमांकाचा एचएमएसी-एसएचए २५६, म्हणजे किल्लीवर अवलंबून असलेला गणिती ठसा, काढला की त्या नगाची स्वतंत्र, ३२ बाइटची किल्ली मिळते, जी बेस ६४ या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत ४४ अक्षरांची होते. नगात भरायची ती हीच. मूळ किल्ली कारखान्याबाहेर जाता कामा नये. मग जोडणीच्या वेळी नग स्वतःच नोंदणीचा पत्ता आणि मुदत या दोन ओळींवर आपल्या किल्लीने सही करून तासाभराचे टोकन बनवतो.

हे बसवतानाही एक पूर्ण दिवस वाया गेला. एक्सेलमधून आलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये प्रत्येक क्रमांकामागे न दिसणारे कॅरेज रिटर्न हे ओळ संपल्याचे चिन्ह चिकटले होते, आणि त्यामुळे निघालेल्या किल्ल्या दिसायला निर्दोष, अगदी ४४ अक्षरांच्या, पण साफ चुकीच्या होत्या. मूळ किल्ली आधी बेस ६४ मधून उलगडून न घेतल्यासही नेमके असेच होते.

शिवाय टोकनची मुदत १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजली जाते, आणि आमच्या नियंत्रकात घड्याळाला बॅटरी नसल्याने तो जागा होतो तोही त्याच दिवशी. त्या वेळेवरून काढलेले टोकन जन्मतःच मुदतबाह्य. म्हणून वीज येताच तो आधी एनटीपी या इंटरनेटवरच्या घड्याळ सेवेवरून वेळ घेतो आणि मगच सही करतो. पॅकिंगपूर्वी प्रत्येक खेपेतला पहिला आणि शेवटचा नग मी टेबलावर खरोखर जोडून पाहतो.