जुनापाणीचे दगड आणि बरडावरची माणसं

नागपूरहून काटोल रोडनं निघालं की गोरेवाड्यापुढे थोड्याच अंतरावर जुनापाणी लागतं. या परिसरात सुमारे ३०० शिळावर्तुळं नोंदलेली आहेत. लांबून पाहिलं तर काहीच कळत नाही, नुसता दगडधोंड्यांचा माळ. शेळ्या घेऊन आलेल्या एका काकांनी विचारलंच, "काय पाहून राहिले जी? गोटेच त हायेत."

गोटेच आहेत, पण गोल मांडलेले. काळ्या पाषाणाच्या मोठ्या धोंड्यांचं कडं आणि आत दगड-मुरूम भरून आलेला उंचवटा. ही अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची, लोखंड वापरणाऱ्या लोकांची दफनं. काही धोंड्यांवर वाटीएवढे खळगे ओळीनं कोरलेत. ते दिशा दाखवतात, आकाशाशी त्यांचा संबंध आहे, असं काही अभ्यासक म्हणतात. मी बराच वेळ बोटं फिरवून पाहिली, मला काही ते पटलं नाही.

१९ व्या शतकात रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं इथं खोदलं. कापसाच्या कामासाठी नेमलेला माणूस, नाद मात्र थडग्यांचा! त्याला सापडलेल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, म्हणजे जुनापाणीला येऊन त्या दिसायच्या नाहीत. जवळच्या माहुरझरीला तर माणसांबरोबर घोडेही पुरलेले निघाले, तांब्याच्या साजासकट.

मला जास्त विचारात पाडलं ते जागेनं. इथं नांगर धरायचा म्हटलं तर फाळ मोडेल. काळी कसदार जमीन खाली, नदी-नाल्यांच्या काठी. त्या लोकांची वस्तीही तशीच पाण्याजवळ. पेंच नदीकाठी नायकुंडला घरांच्या खुणा आणि लोखंड गाळायची भट्टीसुद्धा मिळाली. म्हणजे पिकाऊ जमीन जित्यांना आणि बरड मेलेल्यांना. श्रद्धा काय असेल ती असो, मला यात शेतकऱ्याचा हिशेब दिसतो.

त्या हिशेबानंच ही वर्तुळं इतकी टिकली. बरडावर नांगर गेलाच नाही. आता मात्र शहर वाढतंय, मुरमाला भाव आलाय आणि जेसीबीला बरड काय नि काळी काय.

जायचं तर दिवाळीनंतर जा, पावसाळ्यात गवतात काही दिसत नाही. सकाळी लवकर पोचा. उन्हं तिरपी असली की ते खळगे नीट उठून दिसतात.