पैठणचं कारंजं
आज पोरीला पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान दाखवलं. कारंज्याच्या हौदात वाळका पाला साचलेला. जीव तुटला.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढे धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर ही बाग फुलवली. आमची शाळेची सहल म्हणजे आधी नाथांचं दर्शन, मग धरण, आणि दिवेलागणीला संगीत कारंजं. लाल-हिरवं पाणी गाण्यावर नाचायला लागलं की अख्खी शाळा ओरडायची. टँकरच्या गावातली पोरं आम्ही, एवढं पाणी हवेत उडताना दुसरीकडं कुठं बघणार!

ते कारंजं पुन्हा नाचलंच पाहिजे. कुणाकडं त्या सहलींचे फोटो असतील तर टाका, पोरीला दाखवायचेत.